खड्डा एक, साहेब अनेक!

सकाळचे सव्वानऊ. रिक्षा धाडकन खड्ड्यात जाते, मांडीवरचा लॅपटॉप हनुवटीवर आपटतो आणि तुमच्या तोंडून एक जळजळीत वाक्य बाहेर पडतं. त्यातले पहिले दोन-तीन शब्द इथे छापता येणार नाहीत, पण कर्ता मात्र ठरलेला असतो... पालिका! नळाला पाणी नाही, पालिका. गटार तुंबलं, पालिका. पूल बंद, पालिका. जणू काही सीएसएमटीसमोरच्या त्या देखण्या दगडी इमारतीत ‘पालिका’ नावाचे एक गृहस्थ बसलेत आणि चहा घेता घेता आज तुम्हाला कसं छळायचं याचा प्लॅन करतायत.

आता जरा तुमचं ऑफिस आठवा. कस्टमरला वाटतं, घोळ ‘कंपनी’ने घातला. आतल्या माणसाला माहीत असतं की घोळ सेल्स आणि ऑपरेशन्सच्या मधे झालाय. सेल्सने मेल टाकला, ऑपरेशन्सने ‘हे आमच्या स्कोपमध्ये येत नाही’ म्हणून परत पाठवला आणि कस्टमर बिचारा होल्डवर गाणं ऐकत बसलाय. मुंबई महापालिकेचं इंजिनीअरिंग डिट्टो असंच चालतं. फरक इतकाच, की इथल्या मधल्या फटीत नुसता मेल पडत नाही. कधी कधी माणूस पडतो.

म्हणून या आठवड्यात चक्क पालिकेच्या इंजिनीअर लोकांचा ऑर्ग चार्ट. जांभई आवरा, पुढे कामाला येणार आहे!

हौस वेगळी, कर्तव्य वेगळं

मुंबई महापालिका चालते ती १८८८ सालच्या कायद्यावर. बरोबर वाचलंत, १८८८! त्यात कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६१ मध्ये पालिकेला करावीच लागणारी कामं दिलीत. पाणीपुरवठा, गटारं, रस्त्यावरचे दिवे, सार्वजनिक रस्ते आणि पूल बांधणं नि सांभाळणं, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त, शिवाय शाळा, दवाखाने, अग्निशमन. कलम ६३ मधली कामं मात्र ऐच्छिक. म्हणजे बागा, वाचनालयं, म्युझियम वगैरे. थोडक्यात, बाग ही हौस आणि गटार हे कर्तव्य. चौकात रंगीत कारंजं झुळझुळतंय आणि शेजारची गल्ली गुडघाभर पाण्यात आहे, असा सीन दिसला की हा क्रम आठवायला हरकत नाही.

पहिल्या यादीतल्या शाळा-दवाखाने सोडले, तर उरलेल्यातला मोठा वाटा इंजिनीअर लोकांच्या गळ्यात पडतो. पण हे ‘इंजिनीअर लोक’ म्हणजे एक खातं नव्हे. खाती ढीगभर आहेत आणि प्रत्येकाचे साहेब वेगळे, टेंडरं वेगळी, बजेट वेगळं. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट ७४ हजार ४२७ कोटींचं होतं, म्हणजे पैशाचा प्रश्न आहे असं म्हणायचीही सोय नाही.

ब्रश ते फ्लश

सकाळी नळ सोडला की तुमची पहिली गाठ पडते जल अभियंता खात्याशी. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा, असे सात तलाव. यातला विहार १८६० चा, म्हणजे त्या कायद्याहूनही म्हातारा, आणि मध्य वैतरणाचं धरण २०१४ चं. मोडकसागरमधले मोडक कोण, हे विचारल्यावर दहापैकी नऊ मुंबईकर डोकं खाजवतील. ते ना. वि. मोडक, मुंबई पालिकेचे इंजिनीअर. १९४८ मध्ये अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर त्यांनी बृहन्मुंबईचा मास्टर प्लॅनही मांडला होता. नेत्यांच्या पुतळ्यांनी भरलेल्या या शहरात इंजिनीअरच्या नावाचा अख्खा तलाव आहे, आणि आपण रोज त्याचं पाणी पितो!

आता गणित. सातही तलाव काठोकाठ भरले की साठा होतो साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. शहराला रोज लागतं सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर. मोबाइलवर भागाकार करून बघा. उत्तर येतं एका वर्षाच्या जरा पुढे, आणि त्यातलं काही बाष्पीभवनात उडून जातं. म्हणजे पावसाळा संपताना, १ ऑक्टोबरला तलावात किती पाणी आहे यावर पुढच्या मे महिन्यातली तुमची बादली ठरते. पाणीकपातीची बातमी वाचून आपण चिडतो, तेव्हा जल अभियंता खात्यात हाच भागाकार चाललेला असतो.

पुढची गाठ फ्लशनंतर. आता तुम्ही मलनिःसारण खात्याचे कस्टमर. घराघरातलं सांडपाणी जमिनीखालच्या नळांमधून पंपिंग स्टेशनला आणि तिथून प्रक्रिया केंद्रांवर जातं. वरळी आणि वांद्र्याहून ते बोगद्यांमधून थेट तीन किलोमीटरहून आत समुद्रात सोडलं जातं. बँडस्टँडवर बसून लाटा बघताना हा विषय न काढलेला बरा.

छत्री उघडली की खातं बदललं

आणि आता एक गोष्ट, जी भल्याभल्यांना ठाऊक नसते. बाथरूमचं पाणी आणि पावसाचं पाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या, आणि खातीही वेगळी. पावसाच्या पाण्याचं खातं म्हणजे पर्जन्य जलवाहिन्या. नालेसफाई, मोठे नाले, रस्त्याकडेच्या जाळ्या, समुद्रात पाणी सोडणारी मुखं, सगळं यांच्याकडे.

या खात्याची परीक्षा झाली २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस! आपले नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेले, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल तर. भरती असली की अनेक मुखं समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी जागच्या जागी थांबतं. खरं तर नाले अपुरे आहेत, हे सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल १९९३ मध्येच तयार होता. बारा वर्षं तो फायलीत राहिला आणि मग एका दिवसात त्याची किंमत शेकडो जिवांनी चुकवली. त्यानंतर माधव चितळे समितीने क्षमता दुप्पट, म्हणजे ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथे पंपिंग स्टेशनं आली. माहुल आणि मोगरा मात्र जागेच्या घोळात वर्षानुवर्षं रखडली. हिंदमाताला, जिथे पाऊस पडला की न्यूज चॅनलच्या व्हॅन आपोआप उगवायच्या, तिथलं पाणी साठवण्यासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. भरतीच्या वेळी पाणी टाकीत भरायचं, ओहोटी आली की सोडायचं. सिंपल फंडा, पण सुचून व्हायला कित्येक पावसाळे गेले.

लक्षात घ्या, ताशी ५० म्हणजेसुद्धा मर्यादाच. तासाभरात ७०-८० मिलिमीटर कोसळला तर पाणी तुंबणार. तेव्हा ‘एवढा खर्च करूनही तुंबलं कसं?’ यापेक्षा ‘ओसरायला किती तास लागले?’ हा प्रश्न इंजिनीअरला जास्त अडचणीत आणतो.

परवानगीचं नाव ‘नापसंती’

तुमच्यापैकी बरेच जण सध्या होम लोनच्या ईएमआयचं गणित मांडत असाल. मग इमारत प्रस्ताव खात्याशी ओळख करून घ्याच. नव्या बिल्डिंगचे प्लॅन इथे तपासले जातात. इथली गंमत म्हणजे बिल्डरला मिळणाऱ्या पहिल्या परवानगीचं नावच मुळी ‘नापसंतीची सूचना’! सगळे तिला आयओडी म्हणून ओळखतात. अर्थ असा, की ‘तुमचा प्लॅन आम्हाला असाच्या असा पसंत नाही, पण या या अटी पाळल्यात तर बघू.’ त्यानंतर बांधकाम सुरू करायला सीसी आणि सगळं नियमाप्रमाणे झालं की शेवटी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र.

सॅम्पल फ्लॅटमधले इटालियन टाइल्स बघताना ओसीचं विचारायला लाजू नका. ओसी नाही याचा अर्थ ती बिल्डिंग राहायला योग्य आहे असं पालिकेच्या इंजिनीअरने अजून लिहून दिलेलं नाही. पझेशनची चावी आणि ओसी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि भाड्याने जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तरीही एक प्रश्न विचाराच. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं ही मालकाची किंवा सोसायटीची कायदेशीर जबाबदारी आहे. सेक्रेटरी काकांनी ते केलंय का?

दुखणं सांध्यात आहे

इथवर सगळं कसं छान, कप्प्याकप्प्यात. पण शहर कप्प्यांत राहत नाही ना! एकाच रस्त्याखाली पाण्याची पाइप, मलवाहिनी, पर्जन्यवाहिनी, गॅस, वीज, इंटरनेटच्या केबल्स. रस्ते खातं वर गुळगुळीत थर टाकून जातं आणि महिन्याभरात कुणीतरी चर खणायला हजर. पावसाळ्यात नवे चर खणायला साधारणपणे बंदी असते, म्हणून ऑक्टोबर ते मे शहरभर खोदाईचा सीझन. खणणारा पैसे भरतो, चर बुजवून रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी पालिकेवर येते, आणि पहिल्या पावसात खचतो तो नेमका हाच पट्टा. मग रस्तेवाले म्हणतात चर त्यांचा, ते म्हणतात रस्ता यांचा.

अंधेरीचा गोखले पूल आठवतोय? ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याच्या पादचारी भागाचा तुकडा रेल्वे रुळांवर कोसळला. रुळांवरचा पूल म्हटलं की दोन मालक आले, रेल्वे आणि पालिका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पूल बंद झाला आणि अख्ख्या अंधेरीचं वेळापत्रक कोलमडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा लोकांनी डोळे चोळून बघितलं. नवा पूल शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा चांगला दीड-दोन मीटर उंच! रुळांवरच्या उंचीचे रेल्वेचे निकष बदलले होते, त्याप्रमाणे नवा पूल वर गेला आणि जुना उड्डाणपूल होता तिथेच राहिला. दोघांच्या मधे हवा. मीम्सचा पाऊस पडला. मग पालिकेने हायड्रॉलिक जॅक लावून बर्फीवाला पुलाचं टोक उचललं, एका बाजूला जवळपास १.४ मीटर, आणि ४ जुलै २०२४ ला दोन्ही पूल जोडले. इंजिनीअरिंग म्हणून काम सॉलिडच होतं. पण ही उडी मारायची वेळ का आली, हा प्रश्न जॅकने उचलला जात नाही. अख्खा पूल खुला व्हायला २०२५ चा मे उजाडला.

ही झाली हसण्यासारखी फट. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला, त्यात सात जण गेले. पहिला वाद काय झाला, तर पूल रेल्वेचा की पालिकेचा! तो पालिकेचा निघाला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटने या पुलाला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. पुढे ऑडिटरला आणि पालिकेच्या इंजिनीअर्सना अटक झाली.

आणि २९ ऑगस्ट २०१७. शहर पाण्याखाली. एल्फिन्स्टन भागात पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं गेलं होतं. त्या पाण्यातून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर त्यात पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याला सापडला. झाकण कुणी उघडलं, ते उघडता येऊ नये म्हणून खाली जाळी का नव्हती, तिथे पहारा ठेवायचा कुणी... प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळ्या टेबलावर. जाळ्या बसवायला सुरुवात झाली, पण त्यानंतर.

अशा वेळी बिचाऱ्या ज्युनिअर इंजिनीअरला धारेवर धरणं सोपं असतं. त्याच्या वाट्याला अख्खा भाग, हातात दोनशे तक्रारी, कंत्राटदार फोन उचलत नाही आणि टेंडर वरून ठरतं. त्याची चूक असेल तिथे त्याने भोगावीच. पण ज्या फटीत माणसं पडतात ती बुजवायचा अधिकार एकट्या ज्युनिअरकडे नसतो. दोन खात्यांना एका टेबलावर बसवायचं काम वरच्यांचं. नगरसेवक त्यांना सभागृहात उभं करून जाब विचारू शकतो. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत निवडणूकच झाली नाही. सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. आपण तेव्हा किती ओरडलो? फारसं नाही. आपल्याला मतदानाची सुट्टी मिळाली नाही एवढंच काय ते जाणवलं!

मग आपण काय करायचं?

पहिलं, ‘पालिका’ म्हणणं सोडा आणि खात्याचं नाव घ्या. १९१६ वर फोन करताना ‘रस्त्यावर घाण पाणी आहे’ असं मोघम सांगू नका. पाण्याला मैल्याचा वास येतोय का (मलनिःसारण), पावसाचं साठलंय का (पर्जन्य जलवाहिन्या), की स्वच्छ पाणी जमिनीतून वर येतंय (जल अभियंता, पाइप फुटलीय), एवढं एक वाक्य जोडलंत की तक्रारीचा एक आठवड्याचा प्रवास वाचतो. तक्रार क्रमांक घ्या, फोटो काढा, त्यात एखादी दुकानाची पाटी येऊ द्या.

दुसरं, आपला वॉर्ड कोणता ते माहीत करून घ्या. के वेस्ट, जी नॉर्थ, एच ईस्ट... आपली रास माहीत असते, वॉर्ड नसतो! वॉर्ड ऑफिसात परिरक्षण विभाग नावाचं एक टेबल असतं. छोटे रस्ते, फुटपाथ, लहानसहान दुरुस्त्या तिथे. मोठी कामं मुख्य रस्ते खात्याकडे. आणि पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग पूर्वी एमएमआरडीएकडे होते, ते २०२२ च्या अखेरीस पालिकेकडे आले. त्यामुळे तिथल्या खड्ड्यासाठी ‘तो आमचा नाही’ हे उत्तर आता चालायचं नाही.

तिसरं आणि सर्वात भारी, दोष दायित्व कालावधी. नाव जड आहे, अर्थ हलका. रस्त्याची वॉरंटी! ठरावीक वर्षांत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. फ्रिज बिघडला की आपण आधी वॉरंटी कार्ड शोधतो, मग रस्त्याचं का नाही? दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा, आमच्या गल्लीचं काम कधी पूर्ण झालं, कंत्राटदार कोण, दोष दायित्व कधीपर्यंत? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. याच कायद्यात चालू कामाची पाहणी करायचा, मालाचे नमुने मागायचाही हक्क आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगचे गुलाब पाठवणाऱ्या काकांना हे काम द्या, ते खूश होतील.

चौथी गोष्ट देव करो आणि कुणाला न लागो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. ती जबाबदार कंत्राटदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायचीही भाषा त्यात आहे. जिवाची किंमत ६ लाख कशी, हा वेगळा वाद. पण खड्डा ‘कुणाचाच नाही’ असं म्हणायची सोय आता कोर्टाने ठेवलेली नाही. तो कुणाचा तरी आहे, आणि त्याचं नाव शोधावंच लागेल.

तेव्हा उद्या रिक्षा खड्ड्यात गेली की शिवी जरूर द्या, मन मोकळं होतं. फक्त ती योग्य खात्याच्या नावाने द्या आणि खाली तक्रार क्रमांक लिहा. आणि रस्त्यात पाणी साठलेलं असेल तर प्लीज, झाकण दिसत नसेल तिथे पाय टाकू नका!